तुळशीचे लाकूड, सर्पगंधेचे मूळ आणि सदाफुलीचे पान

गेल्या उन्हाळ्यात सांगोला तालुक्यातल्या एका वाडीवरचे साठीतले गृहस्थ दवाखान्यात आले. पायाच्या अंगठ्याला महिनाभराची जखम होती, भरून येत नव्हती. मधुमेह जुना. रक्त तपासले तर उपाशीपोटी साखर २९०. "गोळ्या चालू आहेत ना?" असे विचारल्यावर ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "चार महिनं झालं, बंद केल्यात. रोज सकाळी सदाफुलीची सात पानं चावून खातो. कॅन्सरचं औषध त्येच्यापासनंच करत्यात न्हवं? मग त्येच्यापुढं साखर म्हंजी काय?"

त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. कॅन्सरचे औषध सदाफुलीपासून होते, हे शंभर टक्के खरे. उरलेले अर्धे मात्र त्यांच्या अंगठ्यावर बेतले होते. त्यांना दवाखान्यात पाच मिनिटांत जे सांगता आले नाही, ते आज तुम्हाला सविस्तर सांगतो. त्यासाठी आधी एका विशिष्ट प्रकारच्या वनस्पतींची ओळख करून घ्यावी लागेल. त्या तुमच्या अंगणात, बांधावर आणि माळावर आहेत, पण त्यांचा वेगळा गट आहे हे सहसा आपल्या लक्षात येत नाही.

ना झाड, ना नुसते रोप

तुमच्या घरात कोणी माळकरी असेल तर त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ जवळून पाहा. मणी लाकडाचे आहेत. तुळस तर कमरेइतकीही क्वचितच वाढते, तिचे शेंडे नखाने खुडता येतात. मग तिला लाकूड आले कुठून?

ते येते बुडख्यातून. तुळशीचा शेंडा कोवळा आणि हिरवा असतो, पण जमिनीलगतचा भाग वर्षभरात टणक, तपकिरी आणि लाकडी होतो. कोथिंबीर किंवा मेथीचे असे होत नाही. ती हंगाम संपला की मुळासकट वाळते. बाभूळ किंवा चिंचेसारखी तुळस उंचही जात नाही. डाळिंबासारखे तिचे घेरदार झुडूपही होत नाही. बूड लाकडी, शेंडा कोवळा, उंची गुडघ्यापासून कमरेपर्यंत: अशा वनस्पतीला उपझुडूप म्हणतात. शास्त्रीय पुस्तकांत त्यासाठी 'उपक्षुप' असा शब्द आढळेल.

सांगोल्यासारख्या कमी पावसाच्या भागात ही रचना फार कामाची आहे. पाऊस थोडा, माती उथळ, खाली मुरूम. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत माळरानावर हिरवे असे फारसे राहत नाही. मोठे झाड उभे करायला पाणी पुरत नाही आणि दरवर्षी बियांपासून नव्याने सुरुवात करणे जोखमीचे असते. उपझुडूप मधला मार्ग काढते. उन्हाळ्यात वरच्या कोवळ्या फांद्या सुकल्या तरी लाकडी बुडावरचे डोळे जिवंत राहतात आणि वळवाचे दोन शिंतोडे पडले की फुटतात. काटेकोरांटी, आस्कंद म्हणजे अश्वगंधा, चिकणा, तुळस, रानतुळस आणि सदाफुली ही सगळी याच पद्धतीने जगणारी मंडळी आहेत.

तेवीसशे वर्षांपूर्वीची वर्गवारी

हा गट वेगळा आहे हे माणसाने फार आधी ओळखले. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस याने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. त्याने वनस्पतींचे चार भाग केले: वृक्ष, झुडूप, उपझुडूप आणि रोप. उपझुडपासाठी त्याचा शब्द होता 'फ्रिगानॉन'. ग्रीसमधल्या कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवरच्या खुरट्या वनस्पतींना आजही 'फ्रिगाना' म्हणतात. या गटांच्या सीमा पक्क्या नसतात, असेही त्याने तेव्हाच लिहून ठेवले होते.

आपल्याकडे चरकसंहितेत वनस्पतींचे चार प्रकार सांगितले आहेत: वनस्पती, वानस्पत्य, ओषधी आणि वीरुध. येथे कसोटी वेगळी होती. फूल दिसते की नाही, फळ आले की रोप मरते का, ते पसरत वाढते का, असे प्रश्न वैद्याने विचारले. फळ पिकले की जी मरते ती ओषधी. आज औषध या अर्थाने आपण जो शब्द वापरतो, त्याचे मूळ असे एका वनस्पतिप्रकाराच्या नावाशी जोडलेले आहे.

इंग्रजी अमदानीत थिओडोर कुक हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. आपल्या भागातल्या कितीतरी वनस्पतींची वर्णने त्यात आहेत आणि झुडूप व उपझुडूप असा फरक त्यांनीही जागोजागी केला आहे. त्याच सुमारास डेन्मार्कच्या ख्रिस्टेन राउंकिएर या शास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न विचारला: वाईट हंगामात वनस्पती आपले डोळे कुठे जपून ठेवते? वृक्ष हवेत उंच ठेवतो, कांदा जमिनीत ठेवतो. जमिनीपासून साधारण २५ सेंटिमीटरच्या आत डोळे जपणाऱ्या वनस्पतींचा त्याने वेगळा गट केला. आपली बरीच खुरटी उपझुडपे त्यात बसतात.

शेळीच्या तोंडाच्या उंचीवर

आता डॉक्टराला यात रस का, ते सांगतो. उपझुडपाची एक मोठी अडचण आहे. त्याची पाने बरोबर शेळीच्या तोंडाच्या उंचीवर असतात. उंच झाड शेंडा वाचवू शकते. एका हंगामाचे रोप बी टाकून मोकळे होते. उपझुडपाला मात्र वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच उंचीवर, चरणाऱ्या जनावरांच्या वाटेत उभे राहायचे असते. पळता येत नाही. मग काही जण काटे काढतात, जशी काटेकोरांटी. काही जण पानात वास, कडूपणा किंवा विष साठवतात.

माळावर शेळ्या राखणाऱ्या कोणालाही विचारा. तरवडाचे झुडूप नवरात्रात पिवळ्याधमक फुलांनी भरते, आपण ती फुले घटाच्या माळेला वाहतो, पण शेळी त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाही. सदाफुलीचेही तसेच. भर उन्हाळ्यात बाकी सगळे फस्त झाले तरी ती अंगणात फुललेली राहते. आपल्याला ती 'काटक' वाटते. खरे तर ती विषारी असते म्हणून टिकते.

सदाफुलीच्या पानात अल्कलॉइड गटातली शंभराहून जास्त रसायने सापडली आहेत. ती तिने आपल्यासाठी बनवलेली नाहीत. खाणाऱ्याला धडा शिकवण्यासाठी बनवली आहेत. औषध आणि विष यांत फरक असतो तो मात्रेचा, आणि कोणते रसायन कोणत्या मार्गाने शरीरात जाते याचा. पुढच्या दोन्ही गोष्टींत तुम्हाला हेच दिसेल.

सर्पगंधा: मुंबईतून जगाकडे

पहिली गोष्ट सर्पगंधेची. दमट जंगलात वाढणारे हे एक ते दोन फुटांचे उपझुडूप. मूळ वाकडेतिकडे आणि अतिशय कडू. उन्माद, निद्रानाश आणि सर्पदंश यांवर त्याचा वापर भारतात पूर्वापार होत होता. १९३१ साली दोन गोष्टी घडल्या. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो आणि मन शांत होते, असा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळातून वेगळ्या केलेल्या अल्कलॉइडांची माहिती दिली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' नाव दिले.

पण जगाने दखल घेतली ती मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या कामाची. वकील हे हृदयरोगतज्ज्ञ, केईएम रुग्णालयाशी संबंधित. त्यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन रक्तदाबाच्या काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ते निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. त्या काळी रक्तदाबावर चांगली गोळी जवळपास नव्हतीच. वकिलांचा लेख वाचून अमेरिकेत रॉबर्ट विल्किन्स यांनी चाचण्या केल्या. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातले प्रमुख द्रव्य वेगळे केले: रिसर्पिन. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

गोष्ट येथे संपत नाही. रिसर्पिन मोठ्या प्रमाणावर वापरात आल्यावर काही रुग्णांना तीव्र औदासीन्य येऊ लागल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. मात्रा कमी केली गेली आणि पुढे अधिक सुरक्षित गोळ्या आल्यावर रिसर्पिन मागे पडले. दुसरी किंमत जंगलाने मोजली. येथे औषध मुळात असते, त्यामुळे मूळ काढले की झाडच संपते. परदेशी मागणीपायी इतकी सर्पगंधा उपटली गेली की आज तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे.

सदाफुली: मधुमेहाचे औषध शोधताना

दुसरी गोष्ट आपल्या अंगणातली. सदाफुली मूळची आपली नव्हे, मादागास्कर बेटावरची. तिचे बी अठराव्या शतकात पॅरिसच्या राजबागेत आणि तेथून लंडनच्या चेल्सी बागेत पोहोचले. १७५९ साली लिनियसने तिला 'विंका रोझिया' असे शास्त्रीय नाव दिले. आजचे नाव 'कॅथरॅन्थस रोझियस', पण जुन्या नावामुळे औषधांच्या नावात 'विन' राहिले. जहाजांबरोबर ती उष्ण प्रदेशांत सर्वत्र पसरली. आणि जेथे गेली तेथे लोकांनी तिच्या पानांचा काढा मधुमेहावर वापरून पाहिला. जमैकात, फिलिपिन्समध्ये, आपल्याकडेही. म्हणजे आमच्या रुग्णाची कल्पना नवी नव्हती. ती अनेक देशांत फिरून आली होती.

१९५२ साली जमैकातल्या एका डॉक्टरने याच सदाफुलीची २५ पाने पाकिटात घालून कॅनडात डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे पाठवली. हे क्लार्क नोबल इन्सुलिनच्या शोधाच्या अगदी उंबरठ्यावर उभे राहिलेले. १९२१ साली बँटिंग यांचा पहिला मदतनीस कोण, हे चार्ल्स बेस्ट आणि त्यांच्यात नाणे उडवून ठरले आणि बेस्ट जिंकले, असे सांगतात. क्लार्क यांनी ती पाने आपले संशोधक भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली.

रॉबर्ट नोबल यांनी पानांचा अर्क उंदरांना तोंडावाटे दिला. साखरेवर काही परिणाम झाला नाही. मग अर्क इंजेक्शनने दिला. साखर तरीही उतरली नाही, पण उंदीर काही दिवसांत जंतुसंसर्गाने मरू लागले. दुसऱ्या कोणी प्रयोग फसला म्हणून पाने टाकून दिली असती. नोबल यांनी उंदरांचे रक्त तपासले. पांढऱ्या पेशी जवळपास नाहीशा झाल्या होत्या आणि त्या ज्या अस्थिमज्जेत तयार होतात तीही दबली होती. निरोगी उंदराला हे मारक होते. पण ज्या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या रक्ताच्या कॅन्सरात हेच उपयोगी पडले तर?

१९५४ पासून रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बिअर त्यांच्यासोबत होते. दोघांनी त्या पानांतले द्रव्य वेगळे करून १९५८ साली ते जाहीर केले. तेच पुढे व्हिनब्लास्टीन झाले. त्याच काळात अमेरिकेत एलाय लिली कंपनीचे गॉर्डन स्वोबोडा यांनाही सदाफुलीचा अर्क ल्युकेमिया झालेल्या उंदरांना वाचवतो असे दिसले होते. त्यांच्या गटाने पुढे व्हिन्क्रिस्टीन वेगळे केले. १९६३ साली व्हिन्क्रिस्टीनला अमेरिकेत मान्यता मिळाली.

याचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर त्याआधीचा काळ आठवा. मुलांना होणारा तीव्र ल्युकेमिया म्हणजे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मृत्यू. पैसा असून उपयोग नव्हता. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. उपचार करायला तेव्हा जगात कोणाकडेच काही नव्हते. त्यांच्या नावाने १९३२ साली ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन झाला आणि दोराबजींच्या न्यासाने १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उभारले. १९६० च्या दशकात व्हिन्क्रिस्टीन इतर तीन औषधांबरोबर देणे सुरू झाले आणि ल्युकेमियाची मुले पहिल्यांदाच वर्षानुवर्षे जगू लागली. आज प्रगत केंद्रांत पूर्ण उपचार घेतलेल्या दहा मुलांपैकी आठ-नऊ मुले वाचतात. व्हिन्क्रिस्टीन अजूनही त्या उपचाराचा कणा आहे.

महाराष्ट्राचाही यात हात आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ए. व्ही. रामाराव यांच्या गटाने सदाफुलीपासून ही औषधे मिळवण्याची पद्धत विकसित केली आणि सिप्लाने ती देशात बनवली.

मग पान का नको?

आता आमच्या रुग्णाच्या प्रश्नाकडे येऊ. औषध पानातच आहे, तर पान खायला हरकत काय?

पहिली गोष्ट, प्रमाण. एक ग्रॅम व्हिनब्लास्टीन मिळवायला सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. व्हिन्क्रिस्टीन तर पानात त्याहूनही कमी असते. सात पाने चावून कॅन्सरवर उपचार होणे अशक्य आहे.

दुसरी, मार्ग. व्हिन्क्रिस्टीन फक्त शिरेतून देतात. एका वेळची मात्रा साधारण दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाही आणि मुलांत ती शरीराच्या आकारमानावरून काढतात. शिरेबाहेर गळले तर कातडी जळते. चुकून पाठीच्या कण्यातून दिले गेले तर जीव जातो. इतके धारदार औषध आहे हे.

तिसरी, काम. हे द्रव्य पेशीचे विभाजन अडवते. पेशी दोन होताना आत जे सूक्ष्म धागे ताणले जातात, ते ते बांधू देत नाही. साखरेशी या क्रियेचा काहीही संबंध नाही. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत पानांच्या अर्काने साखर उतरल्याचे दिसले आहे हे मी लपवणार नाही. पण माणसाला किती पाने, किती दिवस आणि किती सुरक्षित, हे ठरवणारा भरवशाचा पुरावा नाही.

चौथी, धोका. पानांत हे एकच द्रव्य नसते. सगळी फौज असते आणि तिची मात्रा झाडागणिक, हंगामागणिक बदलते. सदाफुलीचा घरगुती वापर केल्यामुळे अस्थिमज्जा गंभीरपणे दबल्याची नोंद तैवानच्या डॉक्टरांनी २००४ साली केली आहे. नोबल यांच्या उंदरांना झाले तेच. गर्भवतींनी तर ही पाने तोंडातही घालू नयेत.

आणि सगळ्यात मोठा धोका म्हणजे आमच्या रुग्णाला झालेला: पानाच्या भरवशावर चालू गोळी बंद करणे.

तुमच्यासाठी

तुम्ही मधुमेह, रक्तदाब किंवा आणखी कशासाठी कोणताही पाला, मूळ किंवा काढा घेत असाल, तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर ते प्रशिक्षित वैद्यांकडून घ्या आणि चालू औषधे मनाने थांबवू नका.

मूल फिकट दिसू लागले, ताप सारखा येऊ लागला, अंगावर न लागता निळे डाग पडले, हिरड्यांतून रक्त आले, हाडे दुखतात म्हणून ते चालायला कुरकुर करू लागले, मानेत किंवा काखेत गाठी जाणवल्या, तर थांबू नका. रक्तातल्या पेशींची साधी तपासणी सांगोल्यातही होते. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघते. पण कारण गंभीर निघाले तर दिवस मोलाचे असतात. कॅन्सरवरचे काम आपल्या जिल्ह्याला नवे नाही: टाटा मेमोरियलच्या मदतीने बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते आणि तेथे कॅन्सर रुग्णालयही आहे. उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. केस पुन्हा आले, मूल खेळू लागले की अनेक पालकांना आजार गेला असे वाटते आणि उपचार मध्येच सुटतात. तसे करू नका. आजार परत येतो आणि दुसऱ्यांदा तो जास्त हट्टी असतो.

आमच्या रुग्णाची जखम गोळ्या, इन्सुलिन आणि रोजची मलमपट्टी यांनी अडीच महिन्यांत भरली. अंगठा वाचला. परवा ते पुन्हा आले तेव्हा मी विचारले, "सदाफुली उपटून टाकली की काय?"

"कशापायी?" ते म्हणाले. "फुलं देवाला वाहतो की. पानाला हात लावत न्हाई."

तुम्हीही सदाफुली उपटू नका. अंगणात राहू द्या. फक्त लहान मुले आणि वासरे तिची पाने चघळणार नाहीत, एवढे पाहा.